उन्हानेच तुटतं, उजेडानेच जुळतं: बॅक्टेरिया आपला डीएनए कसा दुरुस्त करतात?



जून महिना लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात, कळंबपासून उमरग्यापर्यंत, घरोघरी एकच काम चालू असतं. सोयाबीनची बीजप्रक्रिया. ताडपत्रीवर बी पसरायचं, रायझोबियमचं पाकीट फोडायचं, गुळाच्या पाण्यात कालवायचं आणि बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं. तेवढ्यात घरातलं कोणीतरी मोठं माणूस हमखास ओरडतं, "उन्हात नको रे, सावलीत वाळव!"

पाकिटावरही तेच छापलेलं असतं. कृषी सहायकही तेच सांगतात. कारण त्या पाकिटात जिवंत बॅक्टेरिया असतात आणि कडक ऊन त्यांना मारतं. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

आता जरा उलटा विचार करा. त्याच शेतात उभ्या सोयाबीनच्या पानावर दिवसभर ऊन पडतं. त्या पानाच्या एका चौरस सेंटीमीटरवर बॅक्टेरियांची संख्या दहा लाखांच्या घरात असू शकते. त्यांना कोणी सावलीत ठेवत नाही. मग ते मरत का नाहीत?

यामागे एक भन्नाट यंत्रणा आहे. ऊन बॅक्टेरियाचा डीएनए बिघडवतं, आणि त्याच उन्हातला निळसर उजेड वापरून बॅक्टेरिया तो बिघाड दुरुस्त करतात. हे काम करणारी प्रोटीन्स कशी चालतात, त्यांचा शोध कसा लागला, आणि तुमच्या घरातल्या यूव्ही फिल्टरशी त्यांचा काय संबंध आहे, ते आज समजून घेऊया.

उन्हात नेमकं काय असतं?

उन्हाचे आपण तीन भाग समजू. एक, डोळ्यांना दिसणारा प्रकाश. दोन, अंगाला जाणवणारी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड. तीन, न दिसणारे अतिनील किरण, म्हणजेच अल्ट्राव्हायोलेट किंवा यूव्ही.

प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा असतो. ४०० च्या खाली यूव्ही सुरू होतो. त्याचेही तीन प्रकार आहेत:

- यूव्ही-ए: ३१५ ते ४०० नॅनोमीटर. जमिनीवर पोहोचणारा बहुतेक यूव्ही हाच असतो.
- यूव्ही-बी: २८० ते ३१५ नॅनोमीटर. ओझोनचा थर यातला बराचसा अडवतो, पण थोडा खाली येतो. त्वचा भाजते ती मुख्यतः यामुळे.
- यूव्ही-सी: १०० ते २८० नॅनोमीटर. हा सगळ्यात घातक, पण हवेतच पूर्ण अडवला जातो. वॉटर फिल्टरमधली यूव्हीची नळी हाच प्रकार तयार करते, साधारण २५४ नॅनोमीटरचा.

लांबी जितकी कमी, तितकी त्या किरणाच्या एकेका कणात ऊर्जा जास्त. डीएनए सर्वात जास्त यूव्ही शोषतो तो साधारण २६० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून यूव्ही-सी आणि यूव्ही-बी डीएनएचे खरे शत्रू.

डीएनए बिघडतो म्हणजे काय होतं?

डीएनए म्हणजे पेशीचं पुस्तक. त्यात चारच अक्षरं: ए, टी, जी आणि सी. ई. कोलाय नावाच्या नेहमीच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या पुस्तकात अशी सुमारे ४६ लाख अक्षरांच्या जोड्या असतात.

डीएनएची रचना डोळ्यासमोर आणायची तर जॅकेटची चेन आठवा. दोन पट्ट्या, समोरासमोर दात, आणि समोरचे दात एकमेकांत बसलेले. आता समजा एकाच पट्टीवरचे शेजारशेजारचे दोन दात वितळून एकमेकांना चिकटले. काय होईल? रनर तिथे येऊन अडकेल.

यूव्हीमुळे अगदी हेच होतं. एकाच पट्टीवर दोन टी अक्षरं शेजारी असतील तर यूव्हीच्या ऊर्जेने ती एकमेकांना जोडली जातात. या गाठीला 'थायमिन डायमर' म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणारं यंत्र त्या गाठीपाशी येऊन थांबतं. मग दोनच शक्यता उरतात. एक तर नक्कल अडकते आणि पेशीची वाढ थांबते. नाहीतर यंत्र अंदाजाने चुकीचं अक्षर टाकून पुढे जातं, आणि पुस्तकात कायमची चूक राहते. तिलाच म्युटेशन म्हणतात.

बॅक्टेरिया हा एका पेशीचा जीव. आपल्या शरीरात एक पेशी मेली तर दुसऱ्या कोट्यवधी असतात. त्याची तीच एक पेशी बिघडली तर खेळ खलास. म्हणून दुरुस्तीची सोय त्याला लागतेच.

खिडकीजवळची बाटली: शोध कसा लागला?

साल १९४९. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे अल्बर्ट केल्नर नावाचे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या बॅक्टेरियावर काम करत होते. नाव अवघड आहे, पण तुमचा याच्या कुटुंबाशी परिचय आहे. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो बराचसा मातीतले स्ट्रेप्टोमायसिस बॅक्टेरिया बनवतात त्या पदार्थाचा असतो. आणि टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध याच स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून मिळालं.

केल्नर या बॅक्टेरियावर यूव्ही मारायचे आणि किती वाचले ते मोजायचे. अडचण अशी, की आकडे जुळतच नव्हते. तोच बॅक्टेरिया, तेवढाच यूव्ही, तरी एकदा जवळजवळ सगळे मरायचे आणि दुसऱ्यांदा भरपूर वाचायचे. आधी त्यांना वाटलं की तापमानाचा फरक असेल. तपासलं, पण कोडं सुटेना. शेवटी लक्षात आलं की ज्या नमुन्यांवर खिडकीतला उजेड पडत होता, तेच जास्त वाचत होते. मग त्यांनी मुद्दाम प्रयोग केला. यूव्ही मारल्यावर काही नमुने अंधारात ठेवले, काही उजेडात. उजेडातले प्रचंड संख्येने वाचले.

गंमत म्हणजे त्याच वर्षी रेनाटो डुलबेको यांनाही असाच अनुभव आला. ते बॅक्टेरियांना लागण करणाऱ्या विषाणूंवर काम करत होते. टेबलावर एकावर एक रचलेल्या काचेच्या बशांपैकी वरच्या बशीत, म्हणजे दिव्याच्या उजेडात असलेल्या बशीत, निकाल वेगळा यायचा.

दोघांनाही सापडलेली गोष्ट एकच होती: यूव्हीने झालेलं नुकसान साध्या उजेडाने भरून निघतं. ही जादू करणारी वस्तू म्हणजे एक प्रोटीन आहे, हे नंतर १९५० च्या दशकात क्लॉड रूपर्ट यांनी दाखवलं. त्या प्रोटीनचं नाव फोटोलायेज. फोटो म्हणजे प्रकाश, आणि लायेज म्हणजे बंध तोडणारं.

पुढची गोष्ट तर आपल्यासारख्या छोट्या गावातल्या मुलांनी आवर्जून वाचावी अशी आहे. अझीझ सँकार हे तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या लहान गावचे. आई-वडील शिकलेले नव्हते, घरात आठ भावंडं. ते डॉक्टर झाले, काही काळ गावाकडे दवाखान्यात काम केलं, आणि मग याच फोटोलायेजच्या कुतूहलाने रूपर्ट यांच्याकडे अमेरिकेत शिकायला गेले. १९७६ मध्ये त्यांनी ई. कोलायमधलं फोटोलायेजचं जनुक वेगळं करून त्याच्या प्रती बनवल्या. त्यानंतर तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. डीएनए दुरुस्तीचं काम सुटू नये म्हणून त्यांनी येल विद्यापीठात चक्क लॅब टेक्निशियनची नोकरी धरली. २०१५ मध्ये डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

फोटोलायेज काम कसं करतं?

फोटोलायेजला एक छोटं सोलर पॅनेल लावलेलं दुरुस्ती यंत्र समजा. कामाचे टप्पे असे:

१. शोध. फोटोलायेज डीएनएवर गाठ शोधतं आणि तिथे घट्ट बसतं. या कामाला उजेड लागत नाही. अंधारातही ते गाठीवर जाऊन बसून राहतं, उजेडाची वाट पाहत.

२. प्रकाश पकडणं. या प्रोटीनमध्ये एक अँटेना असते. ती यूव्ही-ए आणि निळ्या रंगाचा प्रकाश पकडते. ई. कोलायमध्ये ही अँटेना फोलेटपासून बनलेली असते. हो, तेच फोलेट, ज्याच्या गोळ्या गरोदर बायकांना देतात.

३. ऊर्जा पुढे देणं. अँटेना ती ऊर्जा प्रोटीनच्या मधोमध असलेल्या एफएडी नावाच्या रेणूला देते. हा रेणू बी-२ जीवनसत्त्वापासून बनतो.

४. गाठ सोडवणं. एफएडी एक इलेक्ट्रॉन गाठीला उसना देतो. त्या धक्क्याने गाठीतले दोन्ही जादा बंध तुटतात. दोन टी अक्षरं पुन्हा मोकळी होतात.

५. उसनवारी परत. तो इलेक्ट्रॉन पुन्हा एफएडीकडे येतो. यंत्र दुसऱ्या गाठीसाठी तयार.

प्रकाश पकडल्यापासून गाठ सुटेपर्यंतचा वेळ साधारण एका नॅनोसेकंदाच्या घरातला, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तुमच्या मोबाईलच्या प्रोसेसरच्या तीन-चार ठोक्यांत काम संपलं! २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी अतिशक्तिशाली एक्स-रे लेझर वापरून ही दुरुस्ती अणूंच्या पातळीवर टप्प्याटप्प्याने टिपली.

यातली सर्वात सुंदर गोष्ट म्हणजे डीएनएचा एकही तुकडा कापावा लागत नाही. ई. कोलायच्या एका पेशीत फोटोलायेजचे फक्त १० ते २० रेणू असतात, तेवढ्यावर काम भागतं.

अंधारात काय? बॅक्टेरियाकडे दुसरी पद्धतही असते. गाठीच्या दोन्ही बाजूंनी पट्टी कापायची, साधारण बारा-तेरा अक्षरांचा तुकडा काढून टाकायचा, आणि समोरची पट्टी बघून नवीन अक्षरं भरायची. ही पद्धत उजेडाशिवाय चालते, पण त्यात बरीच प्रोटीन्स लागतात, वेळ लागतो आणि पेशीची ऊर्जा खर्च होते. फोटोलायेजचं काम म्हणजे पंक्चर जागेवर काढून देणं, आणि या दुसऱ्या पद्धतीचं काम म्हणजे टायरचा खराब तुकडा कापून नवा बसवणं.

ऊन आलंय हे बॅक्टेरियाला कळतं कसं?

तुमच्या मोबाईलमध्ये समोरच्या बाजूला एक बारीक लाइट सेन्सर असतो. तुम्ही घरातून उन्हात आलात की स्क्रीन आपोआप उजळते. तो सेन्सर स्वतः स्क्रीन उजळत नाही. तो फक्त निरोप देतो, 'उजेड वाढला.'

बॅक्टेरियांमध्येही असे सेन्सर आहेत. म्हणजे प्रकाशाशी संबंधित प्रोटीन्स दोन कामांची असतात. फोटोलायेज प्रकाशातून ताकद घेऊन स्वतः दुरुस्ती करतं. दुसरी प्रोटीन्स प्रकाश ओळखून पेशीला तयारी करायला सांगतात.

याचं एक छान उदाहरण म्हणजे कार-एच नावाचं प्रोटीन. गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या बॅक्टेरियात ते सापडतं. त्याचं गणित असं: अंधारात या प्रोटीनच्या चार प्रती एकत्र येतात आणि डीएनएच्या एका जागेवर घट्ट बसतात. तिथून पुढची जनुकं वाचताच येत नाहीत. जणू कुलूप. उजेड पडला की ही चौकडी फुटते, डीएनएवरून सुटते आणि कुलूप उघडतं. मग पेशी कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं बनवायला लागते. गाजराला केशरी रंग देणारी द्रव्यं याच कुटुंबातली. ती उन्हामुळे तयार होणारे त्रासदायक रेणू शांत करतात. फोटोलायेजचं जनुकही याच कुलपाच्या ताब्यात असतं. म्हणजे उजेड आला की ढालही तयार आणि दुरुस्तीचं सामानही तयार.

आता सांगा, कार-एचच्या आत प्रकाश ओळखणारा रेणू कोणता असेल? बी-१२ जीवनसत्त्व! तेच, जे शाकाहारी लोकांना कमी पडतं म्हणून डॉक्टर तपासायला सांगतात. बी-१२ चे काही प्रकार उजेडात सहज तुटतात. म्हणूनच बी-१२ चं इंजेक्शन बहुतेक वेळा गडद तपकिरी काचेच्या कुपीत येतं. औषध कंपनीसाठी जी डोकेदुखी, तिचाच बॅक्टेरियाने सेन्सर बनवला.

४१ किलोमीटर उंचीवरचे बॅक्टेरिया आणि नारळीकर सर

यूव्हीचा मारा किती सहन होऊ शकतो, याची एक मोठी गोष्ट आपल्या जवळचीच आहे. त्यात पुणे आहे, हैदराबाद आहे आणि डॉ. जयंत नारळीकर आहेत.

ओझोनचा थर मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. जसजसं वर जावं, तसतसं हे छत्र विरळ होतं आणि यूव्हीचा मारा वाढतो. शिवाय तिथे हाडं गोठवणारी थंडी आणि हवा जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी काही जिवंत असेल का?

हे बघण्यासाठी २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या बलून केंद्रातून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. हे केंद्र टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था चालवते. प्रयोग इस्रोचा, आणि प्रमुख संशोधक होते पुण्याच्या आयुका संस्थेचे डॉ. नारळीकर. फुग्याखाली ४५९ किलोचं सामान होतं. त्यात निर्जंतुक केलेल्या, हवा काढून घेतलेल्या स्टीलच्या नळ्या होत्या, आणि त्या गार ठेवायला ३८ किलो द्रवरूप निऑन. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर वेगवेगळ्या ठिकाणी नळ्या उघडून हवा भरून घेतली गेली. मग सगळं सामान पॅराशूटने खाली आणलं.

नमुने दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळे तपासले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडावी. एक हैदराबादची सीसीएमबी, दुसरी पुण्याची एनसीसीएस. तिथे डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने काम केलं. एकूण १२ बॅक्टेरियांच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती मिळाल्या. बहुतेक ओळखीच्याच जातींच्या होत्या. पण तीन बॅक्टेरिया अगदी नव्या जातींचे निघाले. आणि त्या तिघांचीही यूव्ही सहन करण्याची ताकद त्यांच्या जवळच्या नातेवाईकांपेक्षा बरीच जास्त होती.

मार्च २००९ मध्ये इस्रोने ही बातमी जाहीर केली. तिघांची नावंही बघा. जानीबॅक्टर हॉयली हे नाव नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्यावरून. बॅसिलस इस्रोनेन्सिस इस्रोवरून. आणि बॅसिलस आर्यभट्टाई आर्यभटांवरून.

हे बॅक्टेरिया अंतराळातून आले का? हॉयल आणि नारळीकर यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. पण इस्रोने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की या निष्कर्षांवरून ते पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही.

आणि इथे गोष्ट परत आपल्या शेतात येते. बॅसिलस आर्यभट्टाई ही जात नंतर जमिनीतही सापडत गेली. २०१४ मध्ये मध्य भारतातल्या काळ्या जमिनीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोयाबीनच्या मुळांजवळच्या मातीतून मिळालेले याच जातीचे बॅक्टेरिया जमिनीतलं जस्त विरघळवून सोयाबीन आणि गव्हाला मिळवून देतात, असं त्यात दिसलं. ज्या जातीला पहिलं नाव मिळालं ते आकाशातल्या नमुन्यावरून, ती सोयाबीनच्या मुळाशी खत पुरवताना सापडली.

जाता जाता एक कामाची गोष्ट. हैदराबादहून असे संशोधनाचे फुगे आजही सोडले जातात. टीआयएफआरच्या सूचनांमध्ये विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेचा उल्लेख असतो, म्हणजे आपला जिल्हा त्या पट्ट्याला लागूनच आहे. रानात पॅराशूट आणि त्याला बांधलेली पेटी दिसली तर उघडू नका, रील करण्यासाठी हलवू तर अजिबात नका. पेटीवर दिलेल्या नंबरवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. आतले नमुने आणि यंत्रं कोणाच्या तरी कित्येक वर्षांच्या मेहनतीची असतात.

मग ऊन जंतू मारतं की वाचवतं?

दोन्ही. प्रश्न प्रमाणाचा आहे. दर मिनिटाला जितक्या गाठी पडतात, तितक्या सोडवता आल्या तर बॅक्टेरिया वाचतो. गाठी जास्त आणि दुरुस्ती कमी झाली तर मरतो.

पानावरचा बॅक्टेरिया पानाच्या खाचाखोचांत, ओलाव्यात असतो. त्याची पेशी चालू असते. अनेकांकडे रंगद्रव्याची ढाल असते. त्यामुळे त्याचा हिशोब जुळतो.

बियाण्यावर चोळलेल्या रायझोबियमचं तसं नाही. तो मातीत, मुळांच्या गाठींत, अंधारात राहणारा जीव. आपण त्याला बियाण्यावर पातळ थरात उघड्यावर आणतो. ऊन लागलं की एकदम तीन संकटं येतात: उष्णता, झपाट्याने होणारी कोरड आणि यूव्ही. दुरुस्ती करणारी प्रोटीन्स चालायला पेशीत पाणी लागतं. पेशी वाळली की त्यांची हालचाल जवळजवळ थांबते. नुकसान चालू आणि गॅरेज बंद, अशी अवस्था. म्हणून सावलीत वाळवा आणि लगेच पेरा, हा सल्ला शंभर टक्के खरा आहे. मेलेलं रायझोबियम हवेतला नायट्रोजन पिकाला देऊ शकत नाही. पाकिटाचे पैसे तर वाया जातातच.

घरातल्या यूव्ही फिल्टरचं काय?

आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, आणि बऱ्याच घरांत आता आरओ-यूव्ही मशीन लागलेली आहेत. यूव्हीची नळी पाण्यातल्या जंतूंच्या डीएनएवर इतक्या गाठी पाडते की ते वाढूच शकत नाहीत. चांगल्या मशीनमध्ये हे काम नीट होतं.

पण यूव्हीचा डोस कमी पडला तर काही बॅक्टेरिया अर्धवट जखमी होऊन बाहेर येतात. असं पाणी पारदर्शक बाटलीत, खिडकीपाशी, उजेडात ठेवलं तर फोटोलायेज आपलं काम सुरू करतं, आणि त्यातले काही पुन्हा उभे राहतात. शहरांच्या मोठ्या जलशुद्धीकरण प्रकल्पांतही इंजिनिअर लोकांना हा मुद्दा हिशोबात धरावा लागतो. म्हणून या साध्या गोष्टी पाळा:

- यूव्हीची नळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. जुनी नळी निळी दिसत राहते, पण तिचा यूव्ही कमी झालेला असतो. डोळ्यांना दिसणारा निळा रंग म्हणजे यूव्ही नव्हे.
- गढूळ पाणी थेट यूव्हीमध्ये सोडू नका. मातीच्या कणांच्या सावलीत जंतू लपतात. आधी गाळा किंवा निवळू द्या.
- शुद्ध केलेलं पाणी झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात किंवा माठात ठेवा, आणि लवकर संपवा.
- क्लोरीन पाण्यात काही काळ टिकून राहतं, यूव्ही टिकत नाही. भांडं घाण असेल तर शुद्ध पाणीही पुन्हा दूषित होतं.

कोरोनाच्या काळात मोबाईल निर्जंतुक करणाऱ्या यूव्ही पेट्या खूप विकल्या गेल्या. त्यांच्या बाबतीतही हाच नियम: डोस पुरेसा हवा आणि किरण सगळीकडे पोहोचायला हवेत. कव्हरच्या खाली आणि कडांच्या सावलीत यूव्ही जात नाही. आणि उघड्या यूव्ही-सी दिव्याकडे कधीही बघू नका, त्वचेवरही घेऊ नका.

आणि आपल्याकडे हे प्रोटीन आहे का?

नाही. झाडांकडे आहे, माशांकडे आहे, बेडकांकडे आहे, कांगारूकडेसुद्धा आहे. पण माणूस, गाय, म्हैस, कुत्रा, उंदीर अशा, पिल्लू गर्भात वारेवर वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांनी उत्क्रांतीच्या वाटेत फोटोलायेज गमावलं. त्याचे चुलतभाऊ आपल्याकडे शिल्लक आहेत. त्यांना क्रिप्टोक्रोम म्हणतात. ते डीएनए दुरुस्त करत नाहीत, शरीराचं २४ तासांचं घड्याळ चालवायला मदत करतात.

आपल्या त्वचेत उन्हाने पडलेल्या गाठी त्या दुसऱ्या, कापून नवं भरण्याच्या पद्धतीनेच निघतात. ज्यांच्यात जन्मतः ही पद्धतही बिघडलेली असते, त्यांना झिरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा दुर्मिळ आजार होतो. त्यांना थोडं ऊनही सहन होत नाही आणि लहान वयातच त्वचेच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. आपल्या अंगात ही दुरुस्ती रोज किती काम करते, ते यावरून कळतं.

त्यामुळे दुपारी रानात, बाईकवर किंवा क्रिकेटच्या मैदानावर असाल तेव्हा टोपी, उपरणं, पूर्ण बाह्यांचा शर्ट वापरा. आपली आजी-आजोबा मंडळी डोक्याला पटका किंवा पदर घेतल्याशिवाय उन्हात जात नाहीत, त्यामागे हेच शहाणपण आहे. बॅक्टेरियाला ऊन लागलं तर उजेड त्याची बिघडलेली अक्षरं जोडून देतो. आपल्याला ती सोय नाही, म्हणून आपली सावली आपणच करायची.